शाळेत ऐकणारं माणूस कुठे आहे?

मागच्या अंकात मी एकच विचारलं होतं. तुमच्या गावच्या शाळेतलं पोरगं उदास झालं, घाबरलं, अचानक गप्प झालं तर ते जातं कोणाकडे? पत्रं आली, व्हॉट्सॲपवर लांबलांब व्हॉइस मेसेज आले, आणि बहुतेकांचं उत्तर एकच, "कोणाकडेच नाही ताई". मी कितीतरी वर्षं जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात समाजसेविका म्हणून काम केलं, आता शाळांमधे जाते, त्यामुळे हे उत्तर मला नवीन नाही, पण इतक्या जणांनी एकाच महिन्यात लिहिलं की वाचून झोप लागत नाही. नावं, गावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात जि.प. च्या शाळेवर आहे, आठवीचा वर्ग माझ्याकडे. दिवाळीनंतर माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी आत्महत्या केली, कर्जाचं होतं. पंधरा दिवसांनी पोरगा शाळेत आला, रोज येतो, पण बोलत नाही. खिचडी घेतो न् तशीच ठेवतो. वहीत तारीख टाकतो, रेघ मारतो आणि खाली काहीच लिहीत नाही. विचारायची मला भीती वाटते, माझ्या तोंडून काही चुकीचं गेलं आणि त्याने काही करून घेतलं तर? मुख्याध्यापक सर म्हणतात घरच्या भानगडीत शाळेने पडू नये. समुपदेशक तर आमच्या आजूबाजूच्या एकाही शाळेत नाही.

उत्तर : मॅडम, तारीख टाकतो आणि खाली लिहीत नाही हे तुम्हाला दिसलं ना, म्हणजे अर्धं काम झालं, कारण अशी मुलं वर्गात त्रास देत नाहीत, दंगा करत नाहीत, म्हणून ती कोणाला दिसतच नाहीत.

विचारायला घाबरू नका. विचारल्याने मुलाच्या डोक्यात मरणाचा विचार येतो ही आपल्याकडची फार जुनी भीती आहे आणि ती चुकीची आहे, उलट विचार आधीच असेल तर विचारल्याने तो बोलून मोकळा होतो. फक्त वर्गात, सगळ्यांसमोर, टेबलाजवळ उभं करून विचारू नका. काहीतरी काम द्या, दोघं मिळून करा, आणि बोलणं मधेच येऊ द्या.

मागे एका शाळेत असाच नववीतला एक मुलगा होता. मी तीनदा गेले, तिन्ही वेळा तो बोलला नाही. चौथ्या वेळी आम्ही बोअरवेलच्या ओट्यावर बसलो होतो, बाजूला कोणीतरी पऱ्हाट्यांचा भारा टाकून ठेवला होता, तो त्यातली एकेक काडी काढायचा, मोडायचा, तुकडे सारखे करून रांगेत लावायचा. मी पण एक काडी घेतली, मोडत बसले. बराच वेळ गेला, खिचडीची सुट्टी संपली, बेल झाली, तरी तो उठला नाही, आणि मग खाली बघूनच म्हणाला, "बाबानं मले सकाळी हाक मारली होती, म्या ओ नाही देली." तीन महिने तो पोरगा हे एक वाक्य पोटात घेऊन फिरत होता! आई रडायची, काका कर्जाचे कागद बघायचे, नातेवाईक येऊन डोक्यावर हात ठेवून सांगायचे की आता तूच घरचा कर्ता आहेस, आणि याच्या डोक्यात एकच, की आपण ओ दिली असती तर बाबा वाचले असते.

म्हणून तुम्हाला एक विनंती, "आता तू घरचा कर्ता", "आईकडे बघ", "रडू नको, पोरगा आहेस" हे तुम्ही तरी म्हणू नका, बाकीचे रोज म्हणतच असतात. "तुला काय आठवतं ते सांगावं वाटलं तर मी आहे" एवढं पुरे. आणि तो बोलला की लगेच समजूत घालायला जाऊ नका, आधी पूर्ण ऐका, मग सांगा की बाबा गेले यात तुझी काही चूक नाही, आणि हे एकदा सांगून होत नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

जगावंसं वाटत नाही, बाबांकडे जायचंय, असं काही तो बोलला, किंवा स्वतःच्या वस्तू वाटायला लागला, तर मात्र त्याच दिवशी घरच्या मोठ्या माणसाला सांगायचं, मुलाला एकटं सोडायचं नाही, शेतातली औषधं कुलपात ठेवायला लावायची आणि दवाखान्यात न्यायचं. उद्या बघू, सोमवारी बघू, असं नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः फोन करून "माझ्या वर्गात असा मुलगा आहे, मी काय बोलू" हे पण विचारू शकता, खूप शिक्षकांना वाटतं तो नंबर फक्त पेशंटसाठी आहे, तसं नाही.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, तिथे जायचं. तुमच्या जिल्ह्यात शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आहे, विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत तो सुरू झाला, आशाताई घरोघरी जाऊन कोण खचलंय ते बघतात, तर तुमच्या गावच्या आशाताईला आजच सांगा की या घरी आईकडे पण बघा आणि पोराकडे पण बघा. आईला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला लावा, एक पालक गेलेल्या मुलासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात. तुम्ही म्हणाल याचा मनाशी काय संबंध, पण वहीपेनासाठी आईला काकाकडे हात पसरावा लागतो हे तो मुलगा बघत असतो.

आणि तुमच्या सरांबद्दल. ते वाईट आहेत म्हणून नाही म्हणत, ते पण घाबरले आहेत, उद्या काही झालं तर शाळेवर येईल म्हणून. त्यांना सांगा की आपण भानगडीत पडत नाही, आपल्या वर्गातलं मूल जेवत नाही म्हणून दवाखान्याला कळवतोय, ताप आला असता तर कळवलंच असतं ना.

एक गोष्ट मात्र मी शिक्षकांच्या बाजूने ठामपणे बोलणार. तुम्ही ऐका, ओळखा, पोचवा, पण समुपदेशक व्हायचं ओझं तुमच्यावर नको. आधीच पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहित्या, निवडणुकीचं काम, त्यात हे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७० हून जास्त सरकारी शाळांमधे एक मोठा अभ्यास झाला, २०१८ मधे छापून आला. काही शाळांत मनाच्या आरोग्याचं काम शिक्षकाकडे दिलं, काही शाळांत त्यासाठीच बाहेरून एक वेगळं माणूस शिकवून नेमलं, डॉक्टर वगैरे नाही, साधं प्रशिक्षण घेतलेलं. वेगळं माणूस होतं तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी आणि मारहाण कमी झाली, आणि शिक्षकाकडे दिलं तिथे जवळजवळ काहीच फरक पडला नाही. शिक्षक कमी पडले असं मी म्हणत नाही. जो माणूस गुण देतो, हजेरी घेतो, पालकसभेत बापासमोर बोलतो, त्याच्याजवळ मूल सगळं कसं उघडं करेल?

प्रश्न : आम्ही दरवर्षी १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन साजरा करतो, तालुक्याहून डॉक्टर बोलावतो, भाषण होतं, फोटो काढतो. एवढं पुरेसं आहे का? (मुख्याध्यापक, वर्धा जिल्हा)

उत्तर : नाही सर. भाषण बंद करू नका, पण दोनशे मुलांसमोर कोणी हात वर करून सांगणार नाही की मला रात्री झोप येत नाही. त्याच डॉक्टरांना म्हणा भाषण १५ मिनिटंच करा आणि नंतर दोन तास एका खोलीत बसा, ज्याला यायचं तो येईल. तुमच्या जिल्ह्यात तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, त्यांच्याशी एकदा जाऊन बोला.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. दोन महिन्यांपासून प्रार्थनेच्या वेळी पडते, हातपाय ताठ होतात, दात आवळते, दहा-पंधरा मिनिटांनी उठते. घरचे म्हणतात बाहेरचं आहे, एका भगताकडे तीन वेळा नेलं, ५ हजार गेले. शाळेतल्या मुली आता तिच्याजवळ बसत नाहीत, तिच्यामागून अजून दोघी पडायला लागल्या तर सर म्हणाले काही दिवस घरीच ठेवा. तिच्या आत्याने सोयरीक आणली आहे, म्हणते लग्न केलं की बरं होते. (आई, वाशीम जिल्हा)

उत्तर : ताई, पहिले तर पोरीला शाळेतून काढू नका. घरी बसवली की ती जास्त पडेल, हे मी पाहिलंय.

आधी शरीराची तपासणी. मिरगी आहे का ते डॉक्टरांनी बघायला पाहिजे, हिमोग्लोबिन बघायला पाहिजे, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल आहे तर ती पण तपासणी करून घ्या. सकाळी काही न खाता पोरी चालत येतात, उन्हात उभ्या राहतात, त्याने पण चक्कर येते. वर्षातून एकदा बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची गाडी शाळेत येते, पण त्याची वाट बघू नका, ग्रामीण रुग्णालयात जा. पडते तेव्हाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना त्याची फार मदत होते, फक्त तो कोणाला पाठवू नका.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर लोक म्हणतील "नाटक करते". नाटक नाही ते. मनावरचा ताण तोंडाने सांगता येत नाही तेव्हा तो असा शरीरातून बाहेर पडतो, पोरगी मुद्दाम करत नाही, तिच्या हातात नसतं ते. आणि एक पडली की दुसरी पडते हे पण खरं आहे, म्हणून पडल्यावर सगळ्या शाळेने भोवती गोळा व्हायचं नाही, एका मॅडमनी बाजूला सावलीत न्यायचं, बाकीची प्रार्थना चालू ठेवायची, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, थापड तर अजिबात मारायची नाही.

तुम्ही पत्रात सोयरीक शेवटच्या ओळीत लिहिली. मला ती पहिली वाटते. पोरगी पडायला लागली ते सोयरीक आणायच्या आधी की नंतर, हे जरा आठवून बघा. माझ्याकडे अशी एक पोरगी आली होती, तिचं गाव दहावीनंतर एस्टी नाही म्हणून शिक्षण बंद होणाऱ्यांपैकी, घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं की दुसऱ्या दिवशी ती शाळेत पडायची. बापाने "बारावीपर्यंत बोलणार नाही" असं तिच्यासमोर सांगितलं, समुपदेशनाच्या सहा बैठका झाल्या, आणि पडणं हळूहळू बंद झालं. दर पोरीचं कारण हेच असेल असं नाही, पण नववीतल्या मुलीचं लग्न हा उपचार नाही, गुन्हा आहे, आणि घरचे ऐकतच नसतील तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

भगताचं म्हणाल तर देवाला नारळ फोडायचं असेल तर फोडा, तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही, पण कोणी पोरीला मारत असेल, चटके देत असेल, केस धरून आपटत असेल तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो गुन्हा आहे.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे, तालुक्याला रूम करून राहते. मला रोज वाटतं की माझ्याने होणार नाही, छाती धडधडते, टेस्टच्या दिवशी उलटी होते. कॉलेजमधे एक मॅडम समुपदेशक म्हणून येतात असं ऐकलं. पण त्यांना सांगितलं तर त्या घरी सांगतील का? बाबांनी वावर गहाण ठेवून क्लास लावलाय.

उत्तर : बेटा, जा त्यांच्याकडे, आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच विचार, "मी सांगितलेलं तुम्ही कोणाला सांगता?" चांगली समुपदेशक त्याचं सरळ उत्तर देते.

साधारण नियम असा आहे की तुझं बोलणं तुझ्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही, ना सरांकडे ना बाबांकडे. पण दोन ठिकाणी गप्प बसता येत नाही. तुझ्या जिवाला धोका वाटला तर, आणि १८ च्या आतल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर, कारण २०१२ च्या पोक्सो कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे. आणि तू १८ ची नाहीस म्हणून गोळ्या सुरू करायच्या झाल्या तर पालकांची संमती लागेल. हे तुला आधीच सांगते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही.

त्या मॅडमकडे जायची हिंमत झाली नाही तर १४४१६ आहे, नाहीतर सरकारी दवाखान्यातलं मैत्री क्लिनिक, ते खास १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठीच आहे, बोर्ड बाहेर असतो पण कोणी सांगत नाही म्हणून मुली जात नाहीत. छाती धडधडणं, उलटी होणं याला उपाय आहे ग, खरंच आहे, आणि तो तू वाचतेस त्यापेक्षा जास्त तास वाचण्यात नाही. वावराचं ओझं तुझ्या डोक्यावर आहे ते मला कळतं. ते तू बाबांशी कसं बोलायचं हे पण त्या मॅडमच तुला बसवून शिकवतील.

प्रश्न : मुलगा सातवीत, खर्रा (तंबाखू-सुपारी घोटलेला) खातो. मारून पाहिलं, कोंडून पाहिलं, सुटत नाही.

उत्तर : भाऊ, मारणं पहिले थांबवा, त्याने तो लपून खाईल एवढंच. पहिला खर्रा कोणी दिला हे शांतपणे विचारा, बरेचदा घरातलंच माणूस निघतं, घोटून आण म्हणून पाठवतात आणि पोरगं चव घेतं. तुम्ही स्वतः खात असाल तर दोघांनी मिळून सोडा, खरंच सांगते, याच्यापेक्षा मोठा उपाय नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवायचा सरकारी नंबर आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत टपरीवर तंबाखू विकता येत नाही, ग्रामसभेत तेवढा विषय घ्या. आणि सातवीतलं पोरगं खर्रा का खातं, वर्गात बसवत नाही म्हणून, भूक मारायला म्हणून की मित्र सोडून जातील म्हणून, हे कोणीतरी त्याच्याजवळ बसून ऐकायला पाहिजे.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, चंद्रपूर जिल्हा. आमच्या शायेत ७४ पोट्टे आहेत. सुप्रीम कोर्टानं समुपदेशक ठेवा म्हटलं असं मोबाइलवर वाचलं. आम्हाले भेटंल का? का फक्त शहरातल्या मोठ्या शायाले? आम्ही समितीत ठराव घ्यायला तयार आहो.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, समितीचा अध्यक्ष यावर ठराव घ्यायला तयार आहे म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

जुलै २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सोशल वर्कर नेमायचा. तुमचे ७४, म्हणजे नेमायची सक्ती नाही, आणि इथेच आपली खेड्यातली शाळा सुटते, कारण आपल्याकडे कितीतरी शाळा शंभरच्या आतल्याच आहेत. पण कोर्टाने त्यांना मोकळं सोडलेलं नाही, अशा शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं, असं त्यात आहे. शिवाय सगळ्या कर्मचाऱ्यांचं वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, आणि टेलिमानसचा नंबर ठळक अक्षरात वर्गात, वसतिगृहात लावायचा. नंबर तर उद्याच लावा, मुतारीकडे जायच्या रस्त्यावर एक आणि हापशीजवळ एक, ऑफिसात लावून उपयोग नाही, तिथे मुलं वाचत उभी राहू शकत नाहीत.

ठरावात "समुपदेशक मिळावा" एवढंच लिहू नका, त्याचं उत्तर "निधी नाही" असं एका ओळीत येईल. तुमच्या केंद्रातल्या चार-पाच शाळांच्या समित्यांनी मिळून लिहा की आमच्या केंद्रासाठी महिन्यातून ठरलेल्या एका वारी जिल्हा मानसिक आरोग्य पथकातलं माणूस यावं, आज या शाळेत, पुढच्या महिन्यात त्या शाळेत. एक प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि पोच घेऊनच या. वार ठरलेला पाहिजे ही माझी अनुभवाची गोष्ट आहे. मुलं पहिल्या वेळी येत नाहीत, दुसऱ्या वेळी दारातून डोकावून जातात, तिसऱ्या वेळी बसतात, पण ताई परत येणार हे माहीत असेल तरच.

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, एक सर एक मॅडम, आरोग्यदूत म्हणून ठरवायचे असतात, तुमच्या शाळेत ते कोण आहेत आणि त्यांचं प्रशिक्षण झालं का हे समितीच्या बैठकीत विचारा, तो तुमचा अधिकार आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावे लागतात, त्यातून एक खोली नीट करा म्हणा, दोन खुर्च्या, एक सतरंजी, खिडकीला पडदा. आणि बाहेर "समुपदेशन कक्ष" असा मोठा बोर्ड नका लावू, त्या दारात शिरणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशी सगळे येडा म्हणतील. वाचनाची खोली म्हणा, पुस्तकं ठेवा, कोणीही आत जाईल.

गावातलं माणूस तयार करता येतं का असं तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला विचारलंय, तर हो, येतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, गावातल्याच लोकांना शिकवून नैराश्याच्या पेशंटला मदतीपर्यंत पोचवायचं. आधी नैराश्य असलेल्या १०० मधले ४-५ जण कुठेतरी मदत घ्यायचे, दीड वर्षात ते २७ झाले. तो मोठ्यांसाठी होता, पण लोक आपलेच होते, वऱ्हाडातलेच. तुमच्या गावात बारावी झालेली, पोरांना लळा लागलेली एखादी सून किंवा ताई असेल तर तिचं नाव पुढच्या पत्रात कळवा, आणि ठरावाची तारीख पण. मसुदा लिहून पाठवलात तर मी वाचून दुरुस्त करून देते.